विश्लेषण : बारगीर की शिलेदार? इव्हेंटिंगमधील घोडेस्वार घडतो कसा? बीडच्या मुलांना हा रस्ता खुला आहे का?

पुण्याच्या आशीष लिमयेने २०२५च्या अखेरीस थायलंडमधील पटाया येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद अश्वारोहण स्पर्धेत इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेत हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. ‘विली बी डन’ हा त्याचा घोडा. आशीष, शशांकसिंह कटारिया आणि शशांक कनुमुरी यांच्या भारतीय संघाने सांघिक रौप्यही मिळवले. बातमी आली, अभिनंदन झाले, आणि एक प्रश्न मागे राहिला. आष्टी तालुक्यातील मांडवा गावातून अविनाश साबळे ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचू शकतो, तर त्याच बीड जिल्ह्यातून एखादा घोडेस्वार का पोहोचू नये? या खेळातील कारकीर्द कशी घडते, तिला काय लागते आणि गावातील मुलासाठी नेमके कुठले दार उघडे आहे, याचा हा आढावा.

इव्हेंटिंग म्हणजे काय?

एकच स्वार आणि एकच घोडा यांनी तीन वेगवेगळ्या परीक्षा द्यायच्या, त्याला इव्हेंटिंग म्हणतात. पूर्वीपासूनचे नाव ‘थ्री-डे इव्हेंट’. पहिली परीक्षा ड्रेसाजची. आखलेल्या मैदानात घोड्याने ठरलेल्या क्रमाने चाल, दुडकी, मंद दौड, वळणे दाखवायची. स्वाराचा हात, पाय हलताना दिसू नये आणि घोड्याला मात्र सगळे कळावे, अशी अपेक्षा असते.

दुसरी परीक्षा क्रॉसकंट्रीची. माळरान, चढउतार, पाणी, चर, ओंडके अशा न हलणाऱ्या अडथळ्यांवरून काही किलोमीटर भरधाव दौड. तिसरी परीक्षा शो जम्पिंगची. येथे अडथळ्यांच्या दांड्या सैल ठेवलेल्या असतात. खूर लागला की दांडी पडते. आदल्या दिवशी दमछाक झालेला घोडा पुन्हा जपून, नेमकेपणाने उडी मारतो का, हे येथे दिसते. स्पर्धेआधी आणि जम्पिंगपूर्वी अशी दोनदा घोड्याची तपासणी होते. घोडा लंगडतोय असे वाटले, तर तेथेच स्पर्धा संपते.

खेळाचा उगम लष्करी आहे. घोडदळातील घोडा संचलनात शिस्तीचा, मोहिमेवर दमदार आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला तयार असला पाहिजे, ही त्यामागची कल्पना. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार आला तेव्हा तो केवळ लष्करी अधिकाऱ्यांसाठी होता. महिलांना ऑलिम्पिकमध्ये यात संधी मिळायला १९६४ उजाडले. टोक्योत मात्र जर्मनीच्या युलिया क्रायेव्स्कीने वैयक्तिक सुवर्ण जिंकले. या प्रकारात ते जिंकणारी ती पहिली महिला. स्त्री-पुरुष एकाच गटात लढतात अशा मोजक्या ऑलिम्पिक खेळांपैकी हा एक आहे.

साबळेच्या शर्यतीशी नाते काय?

अविनाश साबळे धावतो ती ३००० मीटर स्टीपलचेस. हा शब्दच मुळी घोड्यांच्या शर्यतीतला. आयर्लंड-इंग्लंडमध्ये लांबवर दिसणाऱ्या चर्चच्या मनोऱ्याच्या दिशेने, वाटेतील कुंपणे आणि ओढे ओलांडत घोडे दामटले जात. मनोरा म्हणजे ‘स्टीपल’. पुढे माणसे तशीच धावू लागली. साबळेच्या शर्यतीतील २८ अडथळे आणि ७ वेळा येणारी पाण्यावरची उडी ही त्या घोडेशर्यतीची खूण आहे.

इव्हेंटिंगमध्येही क्रॉसकंट्रीच्या दिवशी स्टीपलचेसचा एक स्वतंत्र टप्पा असे. लांब पल्ल्याचे रस्ते आणि हा टप्पा २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून वगळण्यात आला. म्हणजे बीडच्या ज्या मुलाने स्टीपलचेसमध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य (२०२२), हांगझोला आशियाई सुवर्ण (२०२३) मिळवले आणि २०२४च्या जुलैत पॅरिस डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, त्याचा खेळ आणि इव्हेंटिंग हे एकाच घरातले. फरक एवढाच, की एकात स्वतःचे पाय लागतात आणि दुसऱ्यात चार पाय आणखी. सगळा खर्च आणि सगळी अडचण त्या चार पायांची आहे.

गुण कसे मोजतात?

या खेळात गुण मिळवायचे नसतात, दंड टाळायचा असतो. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजेता. ड्रेसाजमध्ये मिळालेली टक्केवारी शंभरातून वजा करतात. ७२ टक्के मिळाले तर २८ दंडगुण. क्रॉसकंट्रीत घोडा अडथळ्यापुढे अडला तर २०, त्याच अडथळ्यावर पुन्हा अडला तर आणखी ४०. स्वार पडला तर थेट बाद. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की प्रत्येक सेकंदाला ०.४. जम्पिंगमध्ये दांडी पडली की ४.

बंगळुरूच्या फवाद मिर्झाचा टोक्यो ऑलिम्पिकमधील हिशेब पाहिला की हे नीट कळते. ‘सिग्नर मेडिकॉट’ या घोड्यावर त्याने ड्रेसाजमध्ये २८ दंडगुणांनिशी पहिल्या दहांत जागा मिळवली. क्रॉसकंट्रीत एकही अडथळा चुकला नाही, पण २८ सेकंद उशीर झाला, ११.२० वाढले. जम्पिंगच्या पहिल्या फेरीत दोन दांड्यांचे ८. बेरीज ४७.२०. तेवढ्यावर तो पहिल्या २५ जणांच्या अंतिम फेरीत गेला. तेथे आणखी १२.४० दंडगुण पडले आणि ५९.६० वर तो २३वा आला.

त्याआधी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तर सुवर्ण एका दांडीने हुकले होते. ड्रेसाजनंतर फवादचे २२.४० दंडगुण होते. क्रॉसकंट्रीत त्यात काहीच भर पडली नाही. जम्पिंगमध्ये एक दांडी पडली, बेरीज २६.४० झाली आणि २२.७० वर असलेला जपानचा योशिआकी ओइवा पुढे गेला. तरीही १९८२नंतर अश्वारोहणात भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक आशियाई पदक होते. राकेश कुमार, आशिष मलिक आणि जितेंदर सिंग यांच्यासह त्याने सांघिक रौप्यही मिळवले.

कारकीर्द घडायला किती काळ लागतो?

धावपटूची कारकीर्द साधारण तिशी-पस्तिशीपर्यंत. इव्हेंटिंगमध्ये गणित उलटे आहे. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू हॉयने टोक्योत वयाच्या ६२व्या वर्षी वैयक्तिक कांस्य आणि सांघिक रौप्य मिळवले. येथे ताकदीइतकेच महत्त्व अनुभवाला, घोडा वाचण्याला आहे.

पण सुरुवात लवकर व्हावी लागते आणि प्रत्येक पायरी चढावी लागते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धा एक ते पाच तारांकित असतात. वरच्या पातळीवर उतरण्यासाठी खालच्या पातळीवर किमान पात्रता मिळवावी लागते, आणि मोठ्या स्पर्धांसाठी ती स्वार आणि घोडा या जोडीची असते. घोडा बदलला की पात्रता त्या घोड्यावर पुन्हा सिद्ध करावी लागते. म्हणूनच मोठे स्वार एकावर विसंबत नाहीत. टोक्योपूर्वी फवादने दोन घोड्यांवर पात्रता मिळवली होती. ‘दजारा ४’ आणि ‘सिग्नर मेडिकॉट’. त्यातला मेडिकॉट जकार्तानंतर दुखापतीमुळे बराच काळ बाहेर होता.

घोडाही एका वर्षात तयार होत नाही. तरण्या घोड्याला वरच्या पातळीवर आणायला काही वर्षे जातात, आणि त्यात एक तंगडी दुखावली की सगळे थांबते. थोडक्यात, या खेळात स्वाराची कारकीर्द ही त्याच्या घोड्यांच्या कारकिर्दींची साखळी असते.

बारगीर की शिलेदार?

शिवकाळातील घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि शस्त्र सरकारातून मिळे. शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा घेऊन येई. इव्हेंटिंगमधील भारतीय कारकिर्दींचा इतिहास पाहिला तर आजही हेच दोन रस्ते दिसतात.

पहिला रस्ता बारगीराचा, म्हणजे सैन्याचा. घोडा, तबेला, चंदी, मोतद्दार, नालबंद, पशुवैद्य आणि प्रशिक्षक हे सगळे सैन्याचे. जवानाने मन लावून स्वारी शिकायची. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ६१ कॅव्हलरीचा दफेदार रघुबीर सिंग याने इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. रौप्य गुलाम मोहम्मद खान यांना, कांस्य प्रल्हाद सिंग यांना. वैयक्तिक तिन्ही पदके भारताची, शिवाय सांघिक सुवर्णही. रघुबीर सिंग हा अधिकारी नव्हता, राजस्थानातील साधा दफेदार होता. पुढे त्याला अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली. भारताचा संघ १९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकला गेला तोही सैन्याच्या बळावर. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये उतरलेले इंद्रजित लांबा हेही सेनादलातील अधिकारी.

दुसरा रस्ता शिलेदाराचा. मुंबईचा इम्तियाज अनीस २००० साली सिडनी ऑलिम्पिकला गेला. सैन्याबाहेरून हा पल्ला गाठणारा तो पहिला भारतीय स्वार. योगायोग असा, की तोही २३वाच आला. नंतर तब्बल वीस वर्षे भारताचा एकही स्वार ऑलिम्पिकमध्ये दिसला नाही. फवादने ती खंड पडलेली वाट पुन्हा सुरू केली. त्याचे वडील अश्ववैद्य, घोडे घरातच. पण केवळ तेवढ्याने भागले नाही. बंगळुरूच्या एम्बसी समूहाने त्याच्यासाठी घोडे घेतले, जर्मनीत राहण्याची आणि सरावाची सोय केली. बेटिना हॉय, सँड्रा ऑफार्थ यांच्यासारख्या जर्मन ऑलिम्पिकपटूंकडे तो शिकला. म्हणजे नीट पाहिले तर फवाद शिलेदार नाही, तोही बारगीरच. फक्त घोडा देणारे सरकार नव्हते, एक उद्योगसमूह होता.

हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. या खेळात आजवर जे वर गेले, त्यांपैकी बहुतेकांच्या मागे घोडा पुरवणारे कोणी तरी होते. केवळ स्वतःच्या खिशातून सगळे उभे करणे श्रीमंत घरालाही जड जाते. वरच्या पातळीवर तयार असलेल्या घोड्याची किंमत कोटींच्या घरात जाते, आणि तो विकत घेतल्यावर खर्च थांबत नाही, सुरू होतो.

सराव युरोपात का करावा लागतो?

याची दोन कारणे. पहिले, स्पर्धा. जर्मनी, फ्रान्स, पोलंड, ब्रिटनमध्ये हंगामात सतत कुठे ना कुठे तारांकित स्पर्धा असते. घोडा वाहनात चढवायचा आणि काही तासांत पुढच्या देशात पोहोचायचे. फवादने टोक्योसाठी लागणारी किमान पात्रता २०२१मध्ये पोलंडमधील एका स्पर्धेत पूर्ण केली. भारतात एवढ्या स्पर्धाच होत नाहीत.

दुसरे कारण रोगांचे. घोडा एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा तर त्याला काही विशिष्ट रोग नाहीत, हे सिद्ध करावे लागते. भारतातील घोड्यांना अनेक देश थेट प्रवेश देत नव्हते. त्यामुळे भारतात वाढलेला, भारतातच राष्ट्रीय विजेता ठरलेला घोडा परदेशातील मोठ्या स्पर्धेला नेणे जवळजवळ अशक्य होते. हांगझोला भारतीय संघाचे घोडे युरोपातूनच गेले. तेथे ड्रेसाजच्या सांघिक सुवर्णाने ४१ वर्षांचा दुष्काळ संपवणारे सुदिप्ती हजेला, दिव्यक्रिती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा हे चौघे युरोपात राहूनच तयार झाले होते.

याचा परिणाम सरळ आहे. ज्याला वर्षानुवर्षे युरोपात राहणे परवडते, तोच पात्र ठरतो. सैन्यातील जवान कितीही चांगला असला तरी त्याचा घोडा सीमेपाशी अडतो. बारगीराचा रस्ता १९८२मध्ये सुवर्णापर्यंत गेला, तेव्हा ती स्पर्धा दिल्लीत होती. घोडा कुठे न्यायचाच नव्हता.

मेरठमध्ये काय बदलले?

या कोंडीत २०२५च्या जुलैमध्ये एक फट पडली. मेरठ छावणीतील रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रातील एका बंदिस्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेने ‘अश्वरोगमुक्त विभाग’ म्हणून मान्यता दिली. देशातला हा असा पहिला विभाग. अश्व इन्फ्लुएंझा, ग्लँडर्स, सर्रा, पायरोप्लाज्मोसिस अशा रोगांपासून तो मुक्त असल्याचे मान्य झाले. आफ्रिकन हॉर्स सिकनेस या घातक रोगापासून तर भारत २०१४पासूनच मुक्त देश मानला जातो.

याचा अर्थ उद्या सगळे घोडे विमानात चढतील असा नाही. त्या कुंपणाच्या आत ठेवलेले, नियमित तपासले जाणारे घोडेच यात बसतात, आणि प्रत्येक यजमान देशाचे स्वतःचे नियम असतातच. पण तत्त्वतः, भारतात तयार झालेला घोडा भारतीय स्वारासह परदेशी स्पर्धेत उतरू शकेल, हे दार पहिल्यांदा किलकिले झाले आहे. आणि ते सैन्याच्या आवारात आहे, ही गोष्ट गावाकडच्या मुलासाठी महत्त्वाची आहे.

मग सैन्याचा रस्ता सोपा झाला का?

नाही. येथे दोन अडचणी आहेत. पहिली, घोडेच कमी होत आहेत. जयपूरची ६१ कॅव्हलरी ही १९५३मध्ये उभी राहिलेली, आजही घोड्यांवर असलेली रेजिमेंट. तिच्यात राजपूत आणि कायमखानी जवानांबरोबर मराठा जवानांची परंपरा आहे. म्हणजे महाराष्ट्रातील मुलासाठी ही थेट ओळखीची वाट. पण या रेजिमेंटचे रणगाडा दळात रूपांतर करण्याचा प्रस्ताव २०२०मध्ये चर्चेत आला होता. घोडा आता युद्धात लागत नाही. तो टिकतो तो परंपरा आणि खेळ यांच्या आधारावर.

दुसरी अडचण वेळेची. २०२२पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेखाली होते. सेवा चार वर्षांची आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम. आता साबळेचे उदाहरण घ्या. बारावीनंतर तो ५ महारमध्ये भरती झाला. सियाचिनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. क्रॉसकंट्री धावण्याकडे तो वळला २०१५च्या सुमारास आणि स्टीपलचेसकडे २०१७मध्ये. म्हणजे सैन्याने त्याला ओळखायला काही वर्षे घेतली आणि ती घेण्याइतका वेळ त्याच्याकडे होता.

इव्हेंटिंगला तर यापेक्षा जास्त काळ लागतो. भरतीआधी घोड्याला हात न लावलेला मुलगा चार वर्षांत नीट बसायला शिकेल, लहान उड्या मारेल. आंतरराष्ट्रीय पात्रता त्या मुदतीत बसत नाही. खेळाडूंसाठी थेट हवालदार किंवा नायब सुभेदार म्हणून भरती आहे, पण तिला आधीची कामगिरी लागते. आणि आधीची कामगिरी घोड्याशिवाय होत नाही. म्हणजे गोल फिरून गाडी पुन्हा पागेपाशीच येते.

मराठवाड्यात घोडे नाहीत का?

आहेत. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. लग्नाच्या वरातीत नाचणारे घोडे सांभाळणारी घरे बीड जिल्ह्यातही आहेत. धनगर बांधवांच्या वाड्यांबरोबर चालणारे तट्टू आपण रस्त्यावर पाहतो. भीमथडीचा घोडा तर इतिहासातला. दख्खनच्या या जातीला अलीकडेच राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवले आहे.

पण या घोड्यांचा आणि इव्हेंटिंगचा संबंध जुळत नाही, याचे कारण प्रेमाचा अभाव नसून पायऱ्यांचा अभाव आहे. भीमथडी लहानखुरा, काटक आणि लांब चालीचा. ऑलिम्पिक दर्जाचे अडथळे त्याच्यासाठी नाहीत. पण लहान मुलाला बसायला शिकवण्यासाठी लहानखुरा, शांत घोडाच लागतो. युरोपात मुले पोनीवरच शिकतात. आपल्याकडे घोडा आहे, मुलगा आहे आणि त्या दोघांना शिकवणारा माणूस मधे नाही. अश्वारोहणाच्या शाळा आहेत त्या प्रामुख्याने पुणे-मुंबईच्या आसपास, आणि त्यांचे शुल्क ऊसतोडीला जाणाऱ्या घराला झेपणारे नाही.

धोका किती?

पालक हा प्रश्न विचारतीलच आणि विचारलाही पाहिजे. क्रॉसकंट्रीतील अडथळे पक्के असतात. घोड्याचा पुढचा पाय अडकून तो स्वारासकट उलटला, तर जीवघेणी दुखापत होऊ शकते. म्हणून आता अनेक अडथळ्यांना जोराचा धक्का बसताच मोडणारे खिळे बसवतात. हेल्मेट आणि छातीचे संरक्षक जाकीट सक्तीचे असते. टोक्योत स्वित्झर्लंडचा ‘जेट सेट’ हा घोडा क्रॉसकंट्रीत जबर जखमी झाला आणि त्याला दयामरण द्यावे लागले. तेव्हापासून प्राण्यांच्या कल्याणाचा प्रश्न अधिक तीव्रतेने विचारला जातो. ज्याला घोड्याचा जीव आपल्याइतकाच वाटतो त्यानेच या खेळात यावे, ही या क्षेत्रातील पहिली अट मानली पाहिजे.

बीडच्या मुलापुढे प्रत्यक्ष पर्याय कोणते?

पहिला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. खडकवासल्याला कॅडेटना घोडेस्वारी शिकवली जाते. बारावीनंतर, गुणवत्तेवर, फी न भरता घोड्याच्या पाठीवर बसण्याची ही राज्यातील सर्वांत खात्रीची जागा. परीक्षा अवघड आहे, पण ती आष्टीच्या मुलासाठी आणि पुण्याच्या मुलासाठी सारखीच अवघड आहे. आता मुलींनाही येथे प्रवेश आहे.

दुसरा, घोड्याभोवतीचे काम. स्वारी हा या क्षेत्रातील एकमेव व्यवसाय नाही. चांगला नालबंद, चांगला मोतद्दार, अश्ववैद्य यांच्याशिवाय एकही स्पर्धा होत नाही. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये बीडपासून दूर नाहीत. स्वार होणे जमले नाही तरी घोड्यांच्या जगात पाय रोवता येतो. फवादच्या घरात घोडा आला तो वडिलांच्या पशुवैद्यकीतून, हे विसरू नये.

तिसरा पर्याय आज अस्तित्वात नाही, तो निर्माण करावा लागेल. कुस्तीसाठी गावोगावी तालीम आहे, कारण तालमीला माती आणि वस्ताद पुरतो. घोडेस्वारीला तशी तालीम एका जिल्ह्यात एक जरी उभी राहिली, दहा शांत घोडे आणि एक निवृत्त दफेदार शिकवायला मिळाला, तर सुरुवात होते. सैन्यातून निवृत्त झालेले, घोड्यांवर आयुष्य घातलेले जवान महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या हाताला काम आणि मुलांना गुरू, असे दुहेरी काम राज्याच्या क्रीडा खात्याला करता येईल. त्यासाठी कोट्यवधींचा युरोपीय घोडा लागत नाही. तो लागतो शेवटच्या पायरीवर. पहिल्या पायरीवर शांत तट्टू पुरतो.

पुढे काय?

पुढील मोठी परीक्षा जपानमधील आयची-नागोया आशियाई स्पर्धेची. तिचे वेळापत्रक १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ असे आहे. त्यानंतर २०२८चे लॉस एंजेलिस ऑलिम्पिक. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये इव्हेंटिंगमध्ये भारताचे कोणीच नव्हते. अश्वारोहणात एकटा अनुष अगरवाला होता, तोही ड्रेसाजमध्ये. त्यामुळे पटायाच्या सुवर्णानंतर अपेक्षा वाढणे साहजिक आहे.

पण एका सुवर्णाने रस्ता रुंद होत नाही. देशातील अश्वारोहण महासंघाच्या कारभारावरून, राज्य संघटनांना त्यात स्थान असावे की नाही यावरून दिल्ली उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे वाद चालला. राज्याची संघटना बळकट नसेल, तर जिल्ह्याची स्पर्धा होत नाही आणि जिल्ह्याची स्पर्धा नसेल, तर बीडचा मुलगा कुणाच्या नजरेत येत नाही. साबळे शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची वाट तुडवत होता तेव्हा त्याला ठाऊक नव्हते की हा सराव आहे. धावपटूला असा नकळत सराव घडतो. घोडेस्वाराला तो घडत नाही, कारण त्याच्या वाटेत आधी कुणीतरी घोडा आणून उभा करावा लागतो.

शिवकाळात तो घोडा सरकार देत असे, म्हणून साध्या शेतकऱ्याचा मुलगाही बारगीर होऊ शकला. रघुबीर सिंगच्या काळात तो सैन्याने दिला. फवादला उद्योगसमूहाने दिला. बीडच्या मुलाला तो कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत आशीष लिमयेचे सुवर्ण आपण टाळ्या वाजवून साजरे करू, पण त्याचा रस्ता आपल्या गावातून जाणार नाही.